बॅरलच्या पत्र्याची जीप

आप्पा, तुमची जीप गेल्या रविवारी सहा लाख दहा हजारांना गेली. बेळगावच्या कॅम्पातल्या मिलिटरीच्या लिलावात तुम्ही ती सात हजारांना उचलली होती. तेव्हा तिला इंजिन नव्हतं, तळ गंजून गेला होता, आणि टोचन करून गल्लीत आणल्यावर आईने दारातूनच विचारलं होतं, की हिला गाडी म्हणायचं की गाडीचा सांगाडा. तुम्ही गेल्याला आता चोवीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला सांगण्यासारखं पुष्कळ साठलं, पण कधी कागद घेऊन बसले नाही. सहा लाख दहा हजार हा आकडा ऐकला आणि बसले.

शहापुरातल्या आपल्या गल्लीत दोन्ही अंगांनी मागांचा खडखडाट आणि त्यातच मध्ये तुमचा हातोडा. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेली. तुम्ही इंजिनाचं नोझल रॉकेलमध्ये धुऊन स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला वाळत ठेवता आणि आई म्हणते, एक दिवस ह्याचीच आमटी करून वाढते तुम्हाला. मूळच्या पेट्रोल इंजिनाची तहान इकडे कुणालाच परवडत नव्हती, म्हणून तुम्ही एका मोडक्या टेंपोचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलंत. तळासाठी ऑइलचं रिकामं बॅरल उभं कापलंत आणि दोन दिवस ठोकून त्याचा सपाट पत्रा केलात. तरीही ड्रायव्हरच्या पायाखाली बॅरलवरची दोन उठावाची अक्षरं राहिलीच. घासून टाका की, मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे गं. काय हुतं ते कळाय पायजे." गाडी तयार झाल्यावर गुंजीच्या रस्त्याला तुम्ही स्टिअरिंग माझ्या हातात दिलंत. स्टेशनच्या अलीकडे मी ती चरात घातली. तुम्ही खाली उतरलात, आधी गाडीभोवती एक फेरी मारलीत आणि मग मला लागलंय का ते विचारलंत.

माझ्या बोलण्यावरही तुमची अशीच नजर असायची. कॉलेजात मला वक्तृत्वाची ढाल मिळाली त्या दिवशी तुम्ही कामाच्याच कपड्यांत येऊन मागच्या भिंतीला टेकून उभे होतात. परीक्षकांनी माझं एवढं कौतुक केलं होतं. तुम्ही वाटेत म्हणालात, "पैली पाच मिन्टं झ्याक बोललीस. मग नुस्तं रेस करालीस, गाडी जाग्यावरच." मी आठ दिवस धुसफुसत होते. आज चाळीस वर्षं सभा गाजवल्यावर सांगते, माझ्या भाषणाचं इतकं नेमकं परीक्षण नंतर कुणी केलं नाही. स्तुती करणारे भेटले, शिव्या देणारेही भेटले. ऐकणारा भेटला नाही.

त्याच वर्षी मी निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांच्या सभांतून बोलू लागले. त्या बायकांची बोटं मी पाहिली होती आणि वखारीच्या दारात मापात न बसलेल्या विड्या त्यांच्यासमोर कशा फेकल्या जातात तेही पाहिलं होतं. त्यावर मी जे बोलले त्यातला एकही शब्द आज मागे घेणार नाही. आणि तुम्ही जीप विकलीत ती निपाणीतल्या तंबाखूच्या व्यापाऱ्याला. मी घर डोक्यावर घेतलं. ज्यांच्या दारात मी बायका घेऊन उभी राहते त्यांना तुम्ही गाडी करून देता, असं तुम्हाला तोंडावर म्हणाले. तुम्ही हात पुसत होतात. "गाडी करतोय ती इकायलाच. घेणाऱ्याचं त्वांड बघून पाना फिरवू व्हय मी?"

पुढच्या आठवड्यात निपाणीच्या चौकात सभा. मी बाकावर उभी आहे, समोर तीन-चारशे बायका, आणि गर्दीच्या कडेला एक जीप येऊन अडकते. नवा हिरवा रंग. मी बोट करते आणि ओरडते, की बघा, तुमच्या बोटांवर चालणारी गाडी बघा. सगळ्या माना वळतात. स्टिअरिंगवर तुम्ही. गाडी पोचती करायला निघालेले. तुम्ही मान खाली घातली नाहीत, हॉर्नही वाजवला नाहीत. माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबलात आणि मग हळूच मागे घेतलीत. पुढच्या रांगेतली एक बाई हसत म्हणाली, "ड्रायवर बघ गं कसा घाबारला." सगळ्या हसल्या. ते माझे वडील आहेत, एवढं सांगायला मला माइकचीसुद्धा गरज नव्हती. मी पुढच्या मुद्द्यावर गेले. रात्री घरी तुम्ही एवढंच म्हणालात, "माईक जरा लांब धर. आवाज फाटालाय." पुढे तुम्ही पंधरा वर्षं जगलात आणि त्या दिवसाविषयी आपण दोघंही कधी बोललो नाही.

महिन्यापूर्वी माझ्या फोनवर एक जाहिरात आली. बेळगावात जुन्या मिलिटरी गाड्यांचा लिलाव. एका फोटोत ड्रायव्हरच्या पायाखाली ती दोन अक्षरं दिसली आणि मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. विकणारा त्या व्यापाऱ्याचा नातू होता. बोली तीन लाखांपासून. निवृत्तीच्या पैशांतले साडेचार लाख मी बाजूला काढले. मला गाडीची हौस नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या हातचं दुसरं काहीच माझ्याकडे उरलेलं नाही.

लिलाव पुकारणाऱ्याने सांगितलं, युद्धावर जाऊन आलेली अस्सल गाडी, एकही भाग बदललेला नाही. अशा गाड्यांत हौशी लोक अस्सलपणालाच पैसे मोजतात हे मी तोवर शिकले होते. मी हात वर केला. लोकांनी ओळखलं, माइक दिला. खोटं सहन होत नाही म्हणून मी उठले, असं इतर कुणाला सांगता येईल. तुम्हाला खरं सांगते, मला भाव पाडायचा होता. इंजिन टेंपोचं आहे, तळ बॅरलचा आहे, आणि ही गाडी कधी युद्धावर गेली नाही, कॅम्पाच्या मेसला भाजी आणायची. एवढं बोलून खाली बसले असते तर आज ती माझ्या दारात असती. पण मी बसले नाही. मी म्हणाले, हे सगळं ज्यांनी केलं ते माझे वडील. आणि ते शब्द तोंडातून गेल्यावर मला थांबता येईना. हातोडा सांगितला, आमटी सांगितली, निपाणीचा चौक सांगितला, कोण घाबरलं होतं तेही सांगितलं. पुढच्या रांगेत लोक डोळे पुसत होते. मग बोली सुरू झाली. माझे साडेचार लाख दुसऱ्याच मिनिटाला मागे पडले.

गाडी घेतली कोल्हापूरच्या एका तरुणाने. येऊन माझ्या पाया पडला. आणखी नऊ-दहा लाख घालून तिला मूळ रूपात आणणार म्हणाला. पंजाबातून पेट्रोल इंजिन, कारखान्याच्या मापाचा तळ, ताडपत्रीचा टप. म्हणजे तुम्ही केलेलं सगळं काढून टाकणार. मग माझं बोलणं ऐकून एवढे पैसे का मोजलेस, मी विचारलं. म्हणाला, "त्यामुळंच तर घेतली, मॅडम. तुमच्या वडलांची गोष्ट पाटीवर लिहून गाडीजवळ लावणार की." मुलगा मनाने चांगला आहे. जाता जाता त्याने विचारलं, "खालचा पत्रा कापल्यावर तुमच्याकडं पाठवून देऊ काय?"

माइक अजून माझ्या हातात होता आणि सुरू होता. भोवती माणसं होती. मी म्हणाले, "लोखंड कशाला पाठवतोस? माझे आप्पा माझ्या आवाजात आहेत."

टाळ्या पडल्या.

आप्पा, मला तो पत्रा हवा होता. त्या मुलाचं कार्ड टेबलावर आहे. सोमवारी गाडी कापायला घेणार म्हणाला होता, आज शनिवार आहे. दोन वाक्यांचं काम. त्याला फोन लावायला म्हणून बसले आणि तुम्हाला हे लिहीत सुटले, जे कुठे पाठवायचं नाही. टाळ्या पडलेलं वाक्य मागे घ्यायला मला अजून जमत नाही.