उत्तनच्या व्याह्यांसाठी इंग्रजी

३ नोव्हेंबर, सोमवार
मिनलने मुलगा पसंत केलाय. उत्तनचा सावियो. वडील पास्कल, मच्छीमार. सोळा तारखेला आम्हाला जेवायला बोलावलंय. ख्रिश्चन घर म्हणजे इंग्रजी आलंच. मिनल म्हणते, पप्पा, ते घरी मराठीच बोलतात, तुमच्याहून जुनी. पोर मला धीर देतेय. बापाच्या इंग्रजीपायी लग्न मोडेल, ही भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली.

५ नोव्हेंबर
मोबाइलवर एक मास्तर सापडला. समोरचा काहीही बोलला की त्यालाच छोटासा प्रश्न परत द्यायचा. ‘आय बॉट अ कार.’ ‘डिड यू?’ संपलं! आपण दोन शब्द, बाकीची मेहनत समोरच्याची. सव्वीस वर्षं नोकरी केली, हे कुणी सांगितलं नाही. संकल्प: रोज चहाआधी वीस प्रश्न.

६ नोव्हेंबर
चहा आधी झाला. उद्यापासून.

९ नोव्हेंबर, रविवार
सोसायटीचे सेक्रेटरी धर्माजी जिन्यात भेटले. म्हणाले, टाकी साफ करून घेतली. मी: ‘डिड यू?’ त्यांनी मला दंडाला धरून गच्चीवर नेलं, झाकण उघडून आत बघायला लावलं. वर म्हणाले, उतरून बघताय का? दोन शब्दांत संभाषण किती फुलतं!

१२ नोव्हेंबर
राजश्री म्हणाली, आय हॅव फीवर. (प्रॅक्टिससाठी मीच इंग्रजी बोलायला लावलंय.) मी: ‘डू यू?’ तिने थर्मामीटर माझ्या पुढ्यात आपटला. स्वयंपाक मी केला. बायकोला इंग्रजीतली सहानुभूती कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, सायं. ५
उत्तनहून आलो. पास्कल पहिल्यापासून मराठीत. माझ्यासमोर इंग्रजी काढायला संकोचले असावेत. मी मात्र तयारी वाया घालवली नाही.
ते म्हणाले, नवी होडी घेतली. ‘डिड यू?’ कपाटातून कागद आले. म्हणाले, पोरगा दारूला शिवत न्हाय. ‘डझन्ट ही?’ त्यांनी सावियोला उभं केलं आणि मला म्हणाले, घ्या, तोंडाचा वास घ्या. घेतला. लवंगेचा होता.
मग त्याची आई वाढता वाढता म्हणाली, मिनल आमाला लेकीसारकी हाय. मी अगदी मनापासून, गहिवरून: ‘इज शी?’
बाईंनी डाव पातेल्यात ठेवला. सुरमई माझ्यापर्यंत आलीच नाही.
रिक्षात मिनल एक अक्षर बोलली नाही. इंग्रजी ऐकून थक्क झाली असावी.

१७ नोव्हेंबर
पास्कलचा निरोप: पोरीच्या बापसाला आमच्यावर भरोसाच न्हाय, तर लगीन कशाला? मिनल जेवली नाही. दार लावून बसलीय. मी बाहेरून म्हटलं, मी जातो, समजावतो. आतून आवाज: पप्पा, तुम्ही आता कुणाला काहीही विचारायचं नाही. राजश्रीचा या ठरावाला बिनविरोध पाठिंबा.
मास्तराला अनसब्स्क्राइब केलं. थिअरी बरोबर होती.

२३ नोव्हेंबर, रविवार, सायं. ७
दोघी माझ्याशिवाय उत्तनला जाऊन आल्या. मिनल हसत होती, आठवड्यात पहिल्यांदा. साखरपुडा ठरला म्हणे. कुठल्या तारखेला, ते सांगायचं राहिलं.
मला विचारता येत नाही.

२४ नोव्हेंबर
कोट इस्त्रीला टाकला. लवकर द्यायचा का, म्हणून इस्त्रीवाल्याने विचारलं. घरी विचारून सांगतो, म्हणणार होतो. गप्प आलो.