शेवटची गायिका जिवंत असताना

मी, खाली सही करणारी, पेशाने व्हायोलिनवादक आणि गाण्याची शिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, कान शाबूत आहेत. मी जिवंत आहे हेही नमूद करते. ते का करावे लागते, हे पुढे येईल.

राहते घर माझ्या एकुलत्या मुलास द्यावे. राग आहे, पण पोटच्या पोराला उंबऱ्याबाहेर काढण्याइतका तो मला साधत नाही. अट एकच. समोरची खोली गाण्याच्या वर्गाचीच राहील. शेजारची शिंपीण आणि तिच्या मैत्रिणी शिकायला येत राहतील तोवर त्या खोलीला कुलूप लावू नये.

त्या खोलीबद्दल थोडे. माझे वडील नावाडी होते. नदीवर पूल झाला, नावा गेल्या, आणि नावाड्यांची गाणी तेवढी माझ्या आत्याच्या तोंडी उरली. मी ती तिच्याकडून घेतली. पोटासाठी लग्नांत, नाटकांत व्हायोलिन वाजवले, शाळेत गाणे शिकवले आणि दुपारी घरी शिकवण्या केल्या. मुले सिनेमाची गाणी शिकायला येत. नावाड्यांची गाणी मी त्यांच्या गळ्यात औषधासारखी ओतत असे. आवडीने प्यायला तो एकच. माझ्या मुलाचा मित्र. आम्ही त्याला राघू म्हणायचो, कारण ऐकले की लगेच म्हणून दाखवी. दोघे एका ताटात जेवले. आत्याची सगळी गाणी मी त्याला दिली, हातचे काही राखले नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी शिंपीण धावत आली. मी कुंड्यांना पाणी घालत होते. मला पाहून ती दारातच मटकन बसली.

"अहो, तुम्ही आहात?"

"मग कुठे जाणार?"

"रेडिओवर राघू सांगत होता, ही गाणी जाणणारी शेवटची बाई गेली. आता तो एकटाच उरलाय. रडला हो बोलताना!"

मला वाटले, हिने काहीतरी भलतेच ऐकले. म्हणून त्याच्या पुढच्या कार्यक्रमाला तिकीट काढून गेले. तो उत्तम गायला. वाईट गायला असता तर बरे वाटले असते. मध्यंतरात त्याने मला पाहिले. चेहरा उतरला, पण क्षणभरच. माझा हात हातात घेऊन तो आयोजकांना म्हणाला, "या आमच्या जुन्या शेजारीणबाई. गाण्याची फार आवड आहे यांना."

मी म्हणाले, "आवड आहे खरी." आणि घरी आले. तिथे खरे का सांगितले नाही, ते मला अजून कळलेले नाही.

राघूचे कार्यक्रम माझा मुलगाच ठरवतो. जेवताना त्याला विचारले, "तुला माहीत होतं?"

तो ताटाकडे बघत म्हणाला, "आई, त्याला कोणी बोलवत नव्हतं. शेवटची गायिका गेली म्हटलं की लोक कान देतात. तू थोडीच आता स्टेजवर जाणार होतीस?"

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे मात्र त्याने खरे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून मी समोरच्या खोलीचे दार सताड उघडे ठेवले आणि येईल तिला गाणी शिकवू लागले. शिंपिणीचा गळा जाड आहे, पण ती लाजत नाही.

व्हायोलिन मी शिकवत असे त्या शाळेस द्यावे. ते काचेच्या कपाटात ठेवू नये. मुलांच्या हातून पडले तरी चालेल. आत्याच्या आवाजाच्या टेपा वाचनालयात ठेवाव्यात आणि मागेल त्याला ऐकू द्याव्यात.

राघूस काहीही देऊ नये. त्याला द्यायचे ते देऊन झाले आहे. माझ्या निधनाची बातमीही त्याला कळवू नये; त्याच्या लेखी ती शिळी आहे. तो आलाच, तर त्याला हाकलू नये, पण गाऊ देऊ नये.

त्याने ती गाणी गाण्यास माझी हरकत नाही. ती नावाड्यांची आहेत. मी कोण हरकत घेणार? फक्त प्रवाहाविरुद्ध नाव नेतानाचे जे गाणे आहे, त्यात तो दुसऱ्या कडव्याला शब्द तोडून श्वास घेतो. वल्हे पाण्याबाहेर निघते तिथे श्वास घ्यायचा असतो. त्या कार्यक्रमात माझ्या लक्षात आले, पण बोलायला सवड झाली नाही. हे कोणीतरी त्याला समजावून सांगावे. माझे नाव घेतले नाही तरी चालेल.

हे सर्व मी वाचून पाहिले, माझ्या मनासारखे आहे.

सही: व्हायोलिनवाल्या बाई

साक्षीदार:
शेजारची शिंपीण (माझ्यासमोर सही केली)
गल्लीतले डॉक्टर (बाईंना तपासले, बुद्धी आणि स्मरण उत्तम)

ठिकाण: राहत्या घरची समोरची खोली
दिनांक: महिन्याचा पहिला गुरुवार, दुपारच्या वर्गाआधी