दोनशे चाळीस ढांगा

७ जून, शनिवार
डबा लपवला! घाटातल्या जुन्या रेल्वेच्या वाटेवर. रूळ केव्हाच उखडलेत, पण भिंती अजून उभ्या. कोडं असं: बर्फ अडवायच्या भिंतीच्या टोकापासून चढाने २४० ढांगा, तिथे जळकं खोड. वाचायला सोपं, सापडायला महाकठीण.
मेहुणा फोनवर विचारतो, असतं काय त्या डब्यात? म्हटलं, एक रबरी ठसा आणि एक वही. शोधणाऱ्याने आपला ठसा वहीत मारायचा, डब्यातला आपल्या वहीत घ्यायचा, डबा परत होता तिथे ठेवायचा. मग मिळतं काय, म्हणे. अशा माणसाशी काय बोलणार!

८ जून
आमच्या डबे शोधणाऱ्या क्लबाच्या नाश्त्याला पॅनकेक खाता खाता उभा राहिलो आणि जाहीर केलं: लेबर डेच्या, म्हणजे १ सप्टेंबरच्या आत हा डबा कोणालाही सापडला, तर हा वेंडेल टॉलफसन आपला ठसा कायमचा खुंटीला टांगेल. नाही सापडला, तर ह्यूबर्ट नायक्विस्टने कोडे-समितीचं अध्यक्षपद मुकाट्याने माझ्याकडे द्यायचं. ह्यूबर्ट हसला. आर्लिसने टेबलाखालून लाथ मारली. नेमकी गुडघ्यावर. आपल्या नवऱ्याचा ऐतिहासिक क्षण बायकोला कधी कळतो का?

१४ जून
अहाहा! ह्यूबर्ट २४० ढांगा मोजत गेला तो थेट ओढ्यात. कमरेपर्यंत. मोजता येत नाही आणि म्हणे अध्यक्ष! गोड म्हणून रुबार्ब पायचे तीन तुकडे खाल्ले.

२१ जून
आर्लिस एकटीच फिरायला गेली. येताना स्कर्टला मागे कोळसा. विचारलं, तर म्हणाली पाय मोकळे करून आले. सोडून दिलं.

१२ जुलै
कोणालाच सापडेना. आता तर कोणी विषयही काढत नाही. मी आलो की गप्प होतात आणि कॉफी पुढे करतात. याला म्हणतात आदर. अध्यक्षीय भाषण लिहायला घेतलं पाहिजे. उद्यापासून.

९ ऑगस्ट
गुडघ्याला जरा गंज चढलाय. आर्लिस म्हणते डॉक्टर. छे! काठी घेतली आहे, ती फक्त अस्वलांसाठी.

२३ ऑगस्ट, दुपारी ३
डबा नाही! २४० मोजल्या, खोडच नाही. पुन्हा भिंतीपासून मोजल्या. तीनदा. हकलबेरीच्या झुडपात बसून शांत डोक्याने विचार केला. चोरी. चोर कोण हे सांगायला पोलीस नको.

२४ ऑगस्ट
ह्यूबर्टविरुद्ध निवेदन तयार. चार पानं. लेबर डेच्या मेळाव्यात सर्वांसमक्ष वाचणार. आर्लिसला वाचून दाखवलं. तिने विणकाम खाली ठेवलं. म्हणाली, अरे, चाळीस वर्षांचा मित्र तो, तुझ्या हर्नियाच्या वेळी हिवाळाभर आपलं सरपण फोडलं त्याने. म्हटलं, कट तेव्हापासूनच शिजत असणार.

३१ ऑगस्ट, रविवार
आर्लिसने मला गाडीत घातलं आणि घाटात नेलं. मोजणं नाही, काही नाही. तरातरा चालत गेली आणि एका जळक्या खोडावर बसली. म्हणाली, तू लंगडत ढांगा टाकल्यास, म्हणून चाळीस फूट अलीकडेच राहिलास. काढ डबा, आणि ती चार पानं फाड.
काढला. आधी ठसा, मग वाचन, हा आमचा रिवाज. दहा वर्षांची सवय! ठसा मारला, तारीख घातली आणि मग मागची पानं उलटली.
सतरा ठसे.
पहिला आर्लिसचा, २१ जून. खाली तिचं अक्षर: 'वेंडेल एका पावलाला ढांग म्हणतो. आकडा निम्मा धरायचा, हे सगळ्यांना कळवते आहे. पण डबा सापडल्याचं लेबर डेपर्यंत त्याला कोणी सांगायचं नाही. पैज हरून याने ठसा सोडला तर दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात बसेल, आणि झुरेल.' त्याखाली ह्यूबर्ट: 'शब्द दिला. तो नसेल तर पॅनकेक घशाखाली उतरायचे नाहीत. ओढा गार होता.'
दोन पावलांची एक ढांग! हे मला कोणी सांगायला नको? (क्लबाच्या नियमावलीत पहिल्याच पानावर आहे. टाइप मीच केली होती.)
वाटलं, डबा मिटावा आणि काही बघितलंच नाही म्हणावं. पण अठरावा ठसा माझाच, अजून ओला. शाई पक्की आहे.
डोळ्यांत पाणी आलं. सर्दी असावी.

१ सप्टेंबर, लेबर डे
मेळाव्यात उभा राहिलो. म्हटलं, डबा सापडलाय, शब्द म्हणजे शब्द, घ्या हा माझा ठसा. कोणी हात पुढे करेना. ह्यूबर्टने माझ्या ताटात रुबार्ब पायचा तुकडा वाढला आणि म्हणाला, बस रे खाली. ठसा आर्लिसने आपल्या पर्समध्ये टाकला.
शनिवारी नवा डबा लपवायचा आहे. कोडं ह्यूबर्ट लिहिणार, ढांगा आर्लिस मोजणार, डबा मी धरायचा. विचार करून होकार दिला. डबा धरणं म्हणजे चेष्टा नाही, दोन्ही हात गुंततात.