ल्योंची जकात

सोम. २ मार्च १९८७, नेपरव्हिल
यांना घरी आणून तीन दिवस झाले. स्ट्रोकला तीन आठवडे. उजवा हात लुळा, वाचा बंद. डॉ. म्हणाले, समजतं किती ते सांगता येणार नाही. मी मान हलवली. घरी येऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला, कुकर लावला. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.
फ्रिजवर चुंबकाखाली ल्योंची तिकिटं तशीच आहेत. १० जून, दोघांची. फ्रान्समधलं रेशमाचं गाव. येवल्याच्या विणकराच्या मुलाची काशी तीच, असं हे पंचवीस वर्षं ऐकवतायत. ऐकवायचे.

गुरु. ५ मार्च
स्पीच थेरपिस्ट आली. डेबी. मंगळ.-गुरु. येणार. तरुण आहे, फार हसते. म्हणाली, रोज पंधरा मिनिटं त्यांच्या आवडीची चित्रं दाखवा, बोलत राहा. आवडीची म्हणजे यांनी मागवलेलं ल्योंचं माहितीपुस्तक. दुसरं काय आहे घरात?
पान १. दोन नद्या, मधे गाव. ऱ्होन आणि सोन. फ्रेंचात ऱ्होन पुरुष, सोन बाई. म्हणजे एक नद, एक नदी, गावाच्या टोकाला एकत्र होतात.
"अहो, आमच्या कराडसारखंच की," म्हटलं.
भिंतीकडे बघत राहिले.

रवि. ८ मार्च
सुधाताई पिठलं घेऊन आल्या. या गावातली माझी सगळ्यात जुनी मैत्रीण. फ्रिजकडे बघून म्हणाल्या, "लायन्स म्हणजे आपलंच ना गं, शिकागोच्या अलीकडचं? अर्ध्या तासाचा तर ड्राइव्ह. त्याला विमान कशाला?"
सांगितलं, हे फ्रान्समधलं. ल्यों. शेवटचा न नाकात.
महिन्यापूर्वी हे पोट धरून हसले असते. मी यांच्याकडे बघितलं, सुधाताईंनीही बघितलं. मग पिठलं गरम केलं.

मंगळ. १७ मार्च
पान ४, हवामान. हिवाळ्यात नद्यांवरून धुकं येतं. उन्हाळा चांगलाच तापतो. उत्तरेचा गार वारा मधेच सुटतो. समासात यांची पेन्सिल: 'संध्या. जॅकेट घेणे.' माणूस चार महिने आधी जॅकेट आठवून ठेवतो, आणि आता स्वतःचं नाव

सोम. ३० मार्च
पाडवा. बाहेर गारठा, गुढी आतच खिडकीशी उभारली. सासूबाईंची पैठणी काढली. गुढीला लावायच्या आधी पदर यांच्या मांडीवर ठेवला.
डाव्या हातानं चाचपला आणि उलटा केला. विणकराच्या घरची खोड, आधी मागची बाजू बघायची. आमच्या लग्नात शालूसुद्धा उलटा करून बघितला होता, माझी आई किती रागावली होती.
ओळखून केलं, की हातच आपला सवयीनं गेला? विचारणार कुणाला. श्रीखंड भरवलं, निम्मं सांडलं.

बुध. ८ एप्रिल
ॲन आर्बरहून मीनलचा फोन. परीक्षा जवळ आलीय पोरीची.
"आई, you have to cancel. एक मे लास्ट डेट आहे. मी एजंटला फोन करते, तू फक्त हो म्हण."
"बघते."
"You always say बघते."
खरं आहे. आईलाही मी असंच म्हणायचे.

गुरु. ९ एप्रिल
पान ६. घरांच्या पोटातून जाणारे बोळ. एका गल्लीतून शिरायचं, जिने-चौक ओलांडून भलत्याच गल्लीत निघायचं. पावसात रेशीम भिजू नये म्हणून विणकर तिथून ने-आण करत. दारं बाहेरून साधी, नवख्याला कळायचंही नाही की आत वाट आहे.
यांच्या चेहऱ्याकडे बघत वाचलं. मग पुस्तक मिटलं.

गुरु. १६ एप्रिल
पान ७. विणकरांची टेकडी. मागाची उंची मावावी म्हणून उंच छतांची घरं. एका ठिकाणी भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा जुना माग अजून चालवून दाखवतात. जॅकार्ड. शोधणाऱ्याचंच नाव, तो याच गावचा. यांच्या घरी त्या यंत्राला जकात म्हणत.
लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांचं पत्र आलं: 'यंदा मागावर जकात बसवली.' माझे वडील कराडला जकात नाक्यावर कारकून. मला दुसरी जकात कुठून ठाऊक असणार? यांना विचारलं, "फार बसवली का हो? माफीचा अर्ज करता येतो." हसून हसून यांना उचकी लागली. तेव्हापासून घरात आलेलं प्रत्येक यंत्र म्हणजे जकात. मिक्सर जकात, डिशवॉशर जकात. ल्योंला त्या मागासमोर उभं राहून तुझा अर्ज देऊ, म्हणायचे.
आज सगळं पुन्हा सांगितलं. शेवटाला कुणी हसलं नाही. मीही नाही.

मंगळ. २१ एप्रिल
कपडे धुतले. चादरी दोनदा. डेबी म्हणते, यू आर सो स्ट्राँग. स्ट्राँग कसली, बधिर झालेय. दाताच्या इंजेक्शननंतर गाल असतो तशी.

मंगळ. २८ एप्रिल
बोलले.
डेबी पान ७ वरच्या मागावर बोट ठेवून विचारत होती, हे काय? चारदा विचारलं. मग तोंड वाकडं करून, घशातून ओढून काढल्यासारखं: "ज... केत."
डेबी उडालीच. "Jacket! He said jacket! Are you cold, honey?" पळत जाऊन कपाटातून जॅकेट आणलं, घातलं. यांनी घालून घेतलं.
मला त ऐकू आला. डेबीला ट. तिच्या कानात आपला त नाहीच मुळी. पण खिडकी उघडी होती आणि अंगात नुसता शर्ट होता, हेही खरं. आणि पान ४ वरची पेन्सिलही यांचीच.
डेबीला काही बोलले नाही. ती गेल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडले. अकरा आठवड्यांनी. गालाचा बधिरपणा उतरला की आधी दुखतंच.

गुरु. ३० एप्रिल
चमचा दाखवला, जकेत. उशी, जकेत. डिशवॉशर, जकेत. (डिशवॉशर तर जकातच.) डेबी म्हणाली, कधी कधी एकच शब्द अडकून बसतो, फार अर्थ काढू नका.
काढणार. हे आत आहेत की नाहीत एवढंच मला कळायला हवंय. ल्यों गेलं खड्ड्यात.
मीनल: "आई, उद्या पाच वाजता ऑफिस बंद होतं. सो?"
"बघते."

शुक्र. १ मे
सकाळी अंघोळ घातली, दाढी केली. जॅकेट काढू देत नाहीत, राहू दे म्हटलं.
दुपारी फ्रिजवरची तिकिटं काढून यांच्या मांडीवर ठेवली. समोर स्टुलावर बसले आणि विचारलं, "अहो, फार बसवली का?"
ओठांची डावी कड हलली. डावी कड घास घेतानाही हलते. थांबले. पुन्हा विचारलं नाही, धीर झाला नाही.
पावणेपाच झालेत. फोन वाजतोय, मीनलच असणार. हे डाव्या हातानं तिकिटं उलटी करून मागची बाजू बघतायत. यांचं बघून होऊ दे.