माझ्या शर्टाचा वास

सोमवार, ४ तारीख

पोचलो एकदाचा! खोली झकास आहे. पलंग, टेबल आणि खिडकीतून थेट समोर रुग्णांची इमारत. जिच्यासाठी आलो ती तिथेच आहे, तिच्या मजल्याला निळे पडदे आहेत. बाबा फोनवर म्हणाले, कॉलेज अर्धवट टाकून चिरंजीव नाक विकायला निघाले. म्हटलं, विकेन नाहीतर कापून देईन, माझं आहे. आणि फोन आपटला.

या संशोधन केंद्रात आम्ही चौघं 'हुंगणारे' आहोत. बाटल्या हुंगायच्या, नाकात थेंब घ्यायचे, पुन्हा हुंगायचं, काय बदललं ते सांगायचं. साबण-अत्तर बंद. मुख्य संशोधिका, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, त्यांनी आज नीट समजावलं. नाकाच्या आत वरच्या बाजूला शेकडो प्रकारचे ग्राही असतात. दारावरच्या घंटा समजा. वासागणिक वेगळ्या घंटा वाजतात. तापानंतर कुणाकुणाची घंटा बिघडते आणि भलत्याच वासाला वाजत सुटते. ती गप्प करणारं औषध शोधायचंय.

तिचं तेच झालंय. तापातून उठली आणि तिला माणसांचा वास कुजका यायला लागला. सख्खी आई जवळ गेली तरी ओकारी. मी दारात उभा राहिलो तर तिने तोंडावर उशी दाबून धरली. तिचा दादा म्हणाला, हिरो, पुन्हा तोंड दाखवू नकोस. दाखवणार! नोकरी कशासाठी धरलीय?

गुरुवार, ७ तारीख

सोबतच्यांत एक नाकाड्या आहे. म्हणतो, माझं नाक खोलीत आधी येतं, मी मागून. माणूस मजेशीर.

नवे थेंब बनतायत. बाहेरच्या लोकांनी दोन-दोन दिवस अंगावर वागवलेले शर्ट येतात, त्यांचा अर्क काढून थेंब त्या वासाशी जुळवतात. शर्ट भांड्यात टाकायचं काम माझ्याकडे आलं. नाही टाकले. सगळे कचऱ्यात घातले आणि भांड्यात माझेच घामट शर्ट कोंबले. साऱ्या जगाचा वास तिला चालला आणि नेमका माझाच नाही चालला तर? तिच्या दादाला तेवढंच हवंय. चूक असेल तर असो.

बुधवार, १३ तारीख

थेंब तयार झाले. आधी आम्ही चौघांनी घेतले, बाईंनीही घेतले. नाकाड्याने माझी काख हुंगून निकाल दिला की लेका, तू नुसता हँगरवरचा शर्ट आहेस, आत माणूसच नाही. हसून हसून पोट दुखलं. त्याचं म्हणणं, मेंदू माणसाला आधी नाकाने मोजतो, डोळ्यांची पाळी नंतर. बाईंनी त्याला गप्प बसवलं.

शनिवार, १६ तारीख

तिचे थेंब सुरू झालेत. दाराच्या काचेतून पाहिलं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली होती, आई हलायलाही तयार नव्हती. बाई म्हणाल्या, सगळ्या माणसांच्या वासात जे सारखं असतं ते बंद झालं. मी जिन्यात बसून रडलो. सोमवारी भेटणार!

एक राहिलं. जेवताना नाकाड्या माझ्या खुर्चीत बसायला आला, मी खुर्चीत असताना. ढकलून दिला, शिवी हासडली. तो खुर्चीकडे बघत राहिला आणि म्हणाला, पाय ढिला दिसतोय हिचा. मस्करीला काही हद्द?

सोमवार, १८ तारीख

मस्करी नाही.

बाईंच्या तोंडासमोर उभं राहून ओरडलो. त्या कागद चाळत राहिल्या. फळ्यावर लिहिलं, मी इथे आहे. तर नाकाड्याला बोलणी बसली, फळा काय खेळायला आहे का म्हणून.

पहारेकऱ्याने मात्र सलाम केला. घरून माझी आई फोनवर बोलली, खोकला बरा आहे का विचारलं. म्हणजे ज्यांनी थेंब घेतले त्यांच्यापुरताच मी नाही. सगळ्यांत सारखं होतं ते बंद झालं, आणि माझ्या एकट्याचं होतं तेही. शर्ट माझे होते ना! नाकाड्याचं खरं ठरलं, नाकाला जो नाही तो डोळ्यांनाही नाही.

तिच्याकडे गेलो. हाक मारली. तिने ओला टॉवेल माझ्या खांद्यावर वाळत टाकला.

मंगळवार, १९ तारीख

फळ्यावर कबुली लिहायला खडू उचलला होता. लिहिली की थेंब बंद होणार. मग मी तिला दिसणार, आणि ती तोंडावर उशी धरणार. आईपासूनही पुन्हा तुटणार.

खडू मोडून टाकला.

घरी जाता येईल. घरी मी आहे. बाबा चार शिव्या देतील, माझ्याकडे बघून देतील. पण जाणार नाही! थेंबही चालू राहतील आणि मीही इथेच राहीन. बघू कोण दमतं.

बुधवार, २० तारीख

दादा आला. त्याने थेंब घेतलेले नाहीत, त्याला मी दिसतो. कॉलर धरून म्हणाला, सोड तिचा नाद, चालता हो. म्हटलं, मार, पण तिच्यासमोर मार. त्याने मारलं. ती किंचाळली. दादा, हवेत काय मारतोयस म्हणून रडायला लागली. त्याचा हात खाली आला. माझ्याकडे बघत होता — पहिल्यांदाच घाबरून.

आज दाढी करताना आरशात गाल सापडेना. अर्धाच —

मीही थेंब घेतलेत. स्वतःचा वास जायला वेळ लागतो, एवढंच.

गुरुवार

पाय दिसत नाहीत. चालतो. चप्पल वाजते.

ती उद्या घरी जाणार. थेंबांच्या बाटल्या भरल्या, तिची आई कपड्यांच्या घड्या घालतेय. ती गाणं गुणगुणतेय. जाणार. मीही. गाडीत मागे —

आई, दादा, कोणीतरी सांगा तिला —

नको. नका सांगू.

शुक्रवार?

बोलतो ते ऐकू येत नाही. ओरडलो. घसा दुखला बहुतेक. घसा कुणाचा —

ती अजून इथेच आहे. केस विंचरतेय. मीही इथेच आहे. आहे. आहे, बाई! आहे, नाकाड्या!

पेन चालतंय. धरणारा हात दिसत नाही. ज्याने कोणी धरलंय त्याला सांगतो, ठेवू नकोस खाली. लिही, की तो गेला नाही. लिही, तिच्या शेजारीच बसलाय, आणि उठणार ना —