रीनाताईचे ८७३

९ नोव्हेंबर, शनिवार

आठशे एकेचाळीस!! आजपर्यंतचं माह्यं बेस्ट! चंद्रपूरच्या गेम झोनमधल्या पंचिंग मशीनवर. मागे दोन जिमवाले पोट्टे टोकन धरून उभेच राह्यले. एक म्हणे, "का खाते बे हा?"

सगळ्यायले वाटते ताकद पाहिजे. नाई ना! मशीन ताकद मोजतच नाई. लटकलेला बॉल किती झपकन वर जाऊन आपटते, तो टाइम मोजते. म्हणून खांदा नाई लावाचा, कंबर फिरवाची. हे मी स्वतः शोधलं! फिजिक्सच्या सरले सांगतलं तर म्हणे, "आधी जर्नल कम्प्लीट कर."

रीनाताईले पण शिकवलं. आज तिची हॉस्पिटलात ड्युटी नव्हती. ७९० मारले तिनं. लोकायले वाटते नर्सचा हात हलका असन. दिवसभर पेशंट उचलते ती!

१० नोव्हेंबर

परवा देवरावमामाच्या गावची मंडई. नागभीडकडे जाचं आहे. जत्रा, नाटक, पाव्हणे — अन् दिवाळीनंतरच्या त्या गर्दीत लग्नाचं पाहणं पण उरकून घेतात. लोकेश नावाचा पोरगा येऊन राह्यला ताईले पाहाले. मामानंच जमवलं.

पप्पा म्हणे, "तिथं सगळे शांत राहाजा." सगळे म्हणजे मी.

१२ नोव्हेंबर, मंडई

मंडईत पंचिंग मशीन!! आकाशपाळण्याच्या बाजूले, जनरेटरवर! मशीनवाला बिरजूभाऊ माइकवर बोंबलून राह्यला.

आधी मामाच्या घरी चहा, चिवडा, पाहणं. लोकेश चांगला वाटला. कांतामामी ताईच्या कानात म्हणे, "जोडा शोभते वं." ताई लाजली! पहिल्यांदा पाहिलं तिले लाजताना.

मग सगळेच मंडईत. लोकेशचे मित्र मागं लागले, "नवरदेव, दाखवा जोर!" त्यानं मारली — ६१२. मग ५९८. मले राहवलं नाई. "भाऊ, खांदा नका लावू, कंबर फिरवा." तो म्हणे, "तूच मार ना मग."

मारली. ८३८! मित्रायनं टाळ्या वाजवल्या. अन् मी — मीच — बोलून गेलो, "ताई पण मारते माह्यी!"

लोकेशच हसून म्हणे, "मारू द्या ना, पाहू."

ताईनं ओढणी कमरेले बांधली. धाड!! ८७३! सायरन, लाइटा, सगळं सुरू. माह्याही वर! बिरजूभाऊ माइकवर, "नवरीनं नवरदेवाले हाणलं हो!" पूर्ण मंडई हसली. बायका तर ओरडूनच राह्यल्या. मी उड्या मारल्या. माह्यी ताई! मी शिकवलेली!

लोकेश नाई हसला. त्यानं आणखी टोकन घेतले. मारते, आकडा पाहते, परत मारते. हात लाल झाला त्याचा. ताईनं रुमाल ओला करून दिला बांधाले. घेतला नाई.

१३ नोव्हेंबर

घरी माह्याशी कोणी बोलत नाई. आई एवढंच बोलली, "तुह्या तोंडानं लग्न मोडलं तिचं."

ताईले सॉरी म्हटलं. ती म्हणे, "कायले सॉरी? रेकॉर्ड तुटला म्हणून?" हसली. मग हळूच म्हणे, "आवडला होता बे मले तो."

१५ नोव्हेंबर

फोन नाई आला.

१७ नोव्हेंबर, रविवार

आला! मामाचा फोन. होकार! आई रडली. पुढच्या रविवारी साक्षगंध, अंगठ्या घालाच्या.

पण लोकेशच्या घरच्यायचं एक म्हणणं आहे. गावात लोकेशले लोकं हसून राह्यले. तर साक्षगंधात चार लोकायसमोर सांगून द्या का मशीन बिघडली होती. मामा फोनवर म्हणे, "भाच्याले मशीनचं कळते, तोच सांगन. एक वाक्य तर आहे."

सगळे माह्याकडे पाहून राह्यले. ताई कपडे घड्या करत होती. तिनं नाई पाहिलं.

मशीन बिघडली नव्हती! मले माहीत आहे. दोनदा वाकून पाहिलं होतं, सेन्सर साफ होता. पण तिले आवडला ना तो.

"हाओ," म्हटलं. "सांगतो."

१८ नोव्हेंबर

बाथरूमच्या आरशासमोर म्हणून पाहिलं. मशीन बिघडली होती. मशीन बिघडली होती. आवाजच निघत नाई. बाहेरून आई, "अरे, का पुटपुटून राह्यला आतमंदी?"

ताईनं ऐकलं वाटते. जेवताना मले जास्तीची पोळी वाढली.

१९ नोव्हेंबर

सकाळी ताईनं हॉलमध्ये, सगळ्यायसमोर लोकेशले फोन लावला. "मशीन बरोबर होती. साक्षगंध नाई करत मी." ठेवला. आई खालीच बसली. ताई डबा घेऊन ड्युटीवर निघाली. थंडीनं तिची गाडी सुरू होत नव्हती. पप्पा उठले, चप्पल न घालता बाहेर गेले, अन् गाडीले किक मारून दिली.