निघून राह्यले

आलापल्ली, १९ जानेवारी १९५८

डावा डोळा: धूर. उजवा: बरा. पण कंदील लागला की त्याच्याभोवती कडं दिसतं, चंद्राला खळं पडावं तसं.

आधुनिकचा पेपर पुन्हा हाती घेतला. एम.ए.चे बाकीचे सुटले, हा एक गळ्यात राहिला. विलायतेचं आणि आयर्लंडचं या शतकातलं साहित्य. मागच्या साली यातच बुडालो. चांद्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मोतीबिंदू पिकतो आहे, पुढच्या सालच्या मार्चात छापील अक्षर दिसेल असं धरून चालू नका. ऑपरेशननंतर जाड भिंगं. वाचायला जमलं तर जमलं.

म्हणजे हाच मार्च. १८ तारीख, नागपूर.

साठी उलटलेल्या माणसाला हे कशाला, असं वसंता विचारत नाही. मुलगा गुणी आहे, तोंडावर विचारत नाही. नुसता पुस्तकाकडे पाहतो आणि मग कंदिलातल्या तेलाकडे.

२६ जानेवारी

लाकडाच्या डेपोसमोर झेंडा. शाळेची मुलं रांगेत. वसंता इथला फॉरेस्टर, म्हणून मलाही खुर्ची. "मास्तर, इंग्रजी कविता म्हणा एखादी." जुनी, लहानपणची म्हटली, साकीच्या चालीवर. आमचे इंग्रजीचे मास्तर तशाच शिकवायचे, टेबलावर रूळ आपटून ताल धरत. चांद्याला जटपुऱ्याच्या वेशीतून घरी जाताना आम्ही पोरं त्याच चालीवर ओरडत जायचो. ज्या फुलांच्या कविता पाठ केल्या त्यांतलं एक फूल जन्मात पाहिलं नाही. मोह पाहिला, पळस पाहिला. त्यांच्यावर कुणी इंग्रजीत लिहिलं नाही. पण काय गोड वाटायचं सगळं!

घरी आल्यावर त्याच उत्साहात आधुनिकातली एक घेतली. दोन ओळी साकीत बसल्या. तिसरी गाडीचं चाक निखळावं तशी. यमक नाही, मात्रा नाहीत, ओळ मध्येच कापलेली.

सैपाकघरातून कुसुम, सूनबाई: "मामाजी, काऊन थांबले जी? चालू तं होतं बरं."

"याला चालच नाही गं."

"मंग म्हन्ता कायले?"

खरं आहे.

४ फेब्रुवारी

या क्वार्टरातून बाहेर जायचं म्हणजे कुठं? पुढे सागाच्या थप्प्या, मागे सागाची झाडं. आज नाक्यापर्यंत गेलो, तर चौकीदार हात धरून परत घेऊन आला. "साहेबानं सांगतलं जी, मास्तरले एकट्याले सोडू नोका." साहेब म्हणजे माझाच वसंता.

नेमलेलं आयरिश नाटक वाचतो आहे. एकच अंक. समुद्रातल्या बेटावरची झोपडी, आई, तिचा एकुलता मुलगा. त्याला बेट सोडून जायचं आहे. शेजारपाजारची माणसं येतात, मुलाची चौकशी करतात आणि आई प्रत्येकाला तेच सांगते: ही इज आफ्टर गोइंग. म्हणजे तो जाण्याच्या मागे लागला आहे, जायला अधीर झाला आहे. मुलगा शेवटपर्यंत रंगभूमीवर येत नाही. माझ्या मते तो माळ्यावर सामान बांधत बसला आहे आणि त्याला न दाखवणं हीच नाटककाराची करामत. यावर उत्तर लिहून ठेवलं. मोठ्या अक्षरात, चार पानं भरली.

कुसुम लाखोरीची डाळ निवडत होती. तिला गोष्ट सांगितली. तिला आवडतात गोष्टी. आरमोरीचं माहेर, तिथून थेट या जंगलात. माणसाचा आवाज ऐकायला मिळतो तो माझाच, नाहीतर करवतीचा.

सगळं ऐकून म्हणाली, "तो पोट्टा वरतं बसून आहे तं माय त्याले जेवाले काऊन नाई बोलवत?"

हसलो. म्हटलं, ते नाटक आहे, खानावळ नाही.

१७ फेब्रुवारी

मार्कंड्याच्या जत्रेहून लोक परत येताहेत. मोटार खच्चून भरलेली, टपावर माणसं. कुसुमला जायचं होतं, वसंताला रजा नाही, राहिलं. तिनं खिडकीतूनच हात जोडले.

जेवताना नागपूरचा विषय काढला. वसंता भात कालवत राहिला. मग: "बाबा, मागच्या खेपेला मोटारीतून उतरताना पडलात. आष्टीला नदी, नावेत चढा, उतरा, पुन्हा दुसरी मोटार, मग बल्लारशाला रात्रीची गाडी. कोण आहे सोबतीला? मला झाडतोडीच्या दिवसांत सोडत नाहीत."

"मी चाळीस वर्षं पोरांना सहलीला नेत होतो."

"तेव्हा दिसत होतं."

रागानं नाही बोलला. रागानं बोलला असता तर भांडता आलं असतं. मायेनं कोंडून घातलेल्या माणसाला ओरडायची पण सोय नाही.

२२ फेब्रुवारी

हे काय होऊन बसलं!

कुसुमचा तो जेवणाचा प्रश्न डोक्यातून जाईना. आज नाटक पुन्हा पहिल्यापासून काढलं, भिंग लावून. सुरुवातीलाच चुलीवरचं दूध. आई म्हणते, दूध आफ्टर बॉइलिंग ओव्हर आहे, आणि फडकं घेऊन पुसायला लागते. दुधाला कसली आली अधीरता? पुढे कोंबडी: आफ्टर डाइंग. कोंबडी मरायच्या मागे कशाला लागेल!

दूध उतू गेलेलं आहे. कोंबडी मेलेली आहे. आणि मुलगा गेलेला आहे. पडदा उघडण्यापूर्वीच, नुकताच. ती आयर्लंडची बोली आहे. "आफ्टर" म्हणजे झालंच, आत्ताच झालं. माळ्यावर कुणी नाही. आई रिकाम्या घरात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आहे की तो गेला, आणि मी चार पानं भरून त्याला माळ्यावर सामान बांधायला बसवलं.

उत्तर फाडलं. दुपारभर काही सुचलं नाही. जन्मभर इंग्रजी शिकवली ती कोणती? राजाच्या दरबारातली. चुलीपाशी बसून कसं बोलतात हे पुस्तकात नव्हतंच. आणि त्या आयरिश माणसानं नेमकं ते धरलं, राज्यकर्त्यांच्या भाषेत आपल्या आईचा आवाज. चाल आहे की याला! साकीची नाही, बोलण्याची. ती मला ऐकू यायला इतकी वर्षं लागली.

कुसुमला सांगितलं, तुझं बरोबर, पोरगा घरात नव्हता. ती हरखली नाही. "मंग ते माय एकटीच राह्यली का जी?"

आता पेपर द्यायचाच. या नाटकावर प्रश्न येतोच दर साली. पहिल्यांदा काहीतरी माझं सांगायला आहे.

६ मार्च

काल होळी. कुसुमनं पळसाची फुलं उकळून रंग केला, माझ्या टोपीला बोट लावलं.

संध्याकाळी नवे रेंजर साहेब आले. महिनाच झाला त्यांना. राज्यांची फेररचना झाली तसे पुण्याकडचे अधिकारी इकडे येऊ लागले. तरुण, सुस्वभावी, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. वसंताशी कामाचं बोलून झाल्यावर माझी पुस्तकं चाळली. "आपण या वयात एम.ए.ला बसता आहात? वा! कमाल आहे आपली!" लगेच: "सोळा तारखेला सकाळी मी चांद्याला निघालोय. स्वतःच जीप हाकतो. आपल्याला बल्लारशाला गाडीत बसवून देतो, काळजीच सोडा."

साहेबापुढे वसंता नुसता "हो साहेब" म्हणाला. ते गेल्यावर म्हणाला, "जीपनं जात असाल तर माझी हरकत नाही. नुसत्या मोटारीनं मात्र नाही हं बाबा."

कबूल. कबूल. रात्री झोप लागेल असं वाटत नाही.

१६ मार्च

कंदील जवळ ओढून लिहितो.

पहाटेच उठलो. धोतर, कोट, पेटी तयार. जीपचा आवाज आला तेव्हा मी मागच्या खोलीत चष्म्याचं घर शोधत होतो. कुसुम दारात गेली. साहेबांनी जीपमधूनच विचारलं, "मास्तर कुठे आहेत?"

ही म्हणाली, "मामाजी निघून राह्यले जी."

"अस्सं? बरं बरं!" म्हणाले आणि जीप गेली.

पेटी घेऊन बाहेर आलो तो नुसती धूळ. कुसुम दारात तशीच उभी. "थांबा म्हन्लं जी मी, मागून हाक बी मारली. त्याहीनं हात हालवला अन् गेले! काऊन गेले जी?"

काऊन गेले ते मला तिथंच कळलं आणि पेटी खाली ठेवली. आपल्या बोलीत निघून राह्यले म्हणजे निघताहेत, येतातच. पुण्याच्या कानाला "निघून" एवढंच पुरलं. म्हातारा पुढे चालत निघाला, वाटेत गाठू. नाक्यावर बराच वेळ थांबले म्हणे, चौकीदाराला विचारलं, तो म्हणाला मास्तर नाही दिसले, पहाटे बैलगाड्या मात्र गेल्या. मग मास्तर त्यातल्याच एखाद्या बैलगाडीनं गेले असतील असं म्हणून पुढे. वसंता डेपोत होता; कळल्यावर सायकल घेऊन धावला तोवर जीप जंगलात शिरली होती.

तिकडे बेटावर आई म्हणते "आफ्टर", तर मुलगा गेलेला असतो आणि मी त्याला घरात बसवतो. इथं सून म्हणते "निघून राह्यले", तर मी घरात असतो आणि साहेब मला रस्त्यात शोधतात. एवढं समजायला एम.ए. करत होतो काय? हसू आलं. मग ते हसू थांबेना. कुसुम घाबरून पाणी घेऊन आली. बिचारी रडत होती. "माह्या तोंडानंच तुमची गाडी गेली." तिला म्हटलं, तुझं तोंड बरोबर होतं, त्यांचा कानही बरोबर होता.

वसंता घामाघूम परत आला. खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या बाबा. पुढच्या साली पाहू."

कशानं पाहू, विचारलं.

त्यानं सायकल भिंतीला टेकवली. दुपारी कूपात गेला, तिथे जंगलात झाडांची तोड चालू आहे, दोन दिवस तिकडेच.

१७ मार्च, आष्टीचा घाट

वाळूवर बसून लिहितो आहे. अक्षरं एकावर एक चढत असतील.

सकाळी अंगणात दात घासत होतो, तर कुसुम नवं लुगडं नेसून उभी. एका हातात माझी पेटी, दुसऱ्यात तिचं बोचकं. "चला जी मामाजी. मोटार यिऊन उभी आहे."

"वसंता नको म्हणाला आहे."

"तुमी एकटे नोका जाऊ म्हन्लं त्याहीनं. एकटे कुठी जाता? मी हावो नं."

"तू नागपूर पाहिलंस कधी?"

"नाई. तुमाले माहीत आहे, पन दिसत नाई. मले दिसते, पन माहीत नाई. झालं का नाई मंग?"

"तो परत आला म्हणजे?"

"बोलनी बसतीन. मले बसतीन, तुमाले कायले फिकर? शेजारनीजवळ सांगून ठेवलं." आणि वर, "मले बी एक खेप भाईर जाऊन पाहाचं आहे जी."

निघालो. घरातून चोरून पळणारा म्हातारा आणि त्याला पळवणारी सून. मोटारीत तिनं सगळ्यांना सांगून टाकलं, "मामाजीची परीक्षा आहे." एक बाई म्हणाली, "नापास झाले तं मारतीन का जी मास्तरले?" सगळी मोटार हसली. मीही.

मग जंगलातच मोटारीच्या स्प्रिंगचं पाटं तुटलं. ड्रायव्हर खाली झोपून ठोकत राहिला, आम्ही सावली शोधत राहिलो. घाटावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पलीकडची मोटार बल्लारशाच्या रात्रीच्या गाडीसाठीच असते. ती उभी आहे की गेली, मला दिसत नाही. कुसुम म्हणते, धूळ उडाली होती, पण ती मोटारीची का ढोरांची, समजलं नाही. नावही पलीकडे. बाकीचे प्रवासी बसले आहेत तीन दगड मांडून, भात शिजतो आहे. त्यांना घाई नाही. उद्याचा पेपर सकाळचा आहे, हे या घाटावर आम्हा दोघांनाच ठाऊक.

कुसुम काठाला जाऊन हाका मारते आहे, तोंडाभोवती हात धरून. आवाज चांगला लांब जातो तिचा. घरात कधी ऐकला नव्हता असा.

मध्येच ओरडली, "मामाजी, पान्यावर काईतरी काळं दिसते जी!"

"नाव?"

"नाव आहे का ओंडका, सांगता नाई येत."

"इकडे येतंय की धारेला लागलंय? नीट पाहा."

लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात शिरली आहे. कपाळावर आडवा हात. मी डाव्या हातानं पेटीचं कडं घट्ट धरून बसलो आहे. पाहते आहे ती.